मित्राला सुतक नसतं

आलेलं पत्र (थोडं कमी करून, ओळख पटेल असे तपशील काढून) :

"मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय ४७. टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. माझा मित्र आठ महिन्यांपूर्वी पोटाच्या कॅन्सरनं गेला. चौथीपासून आम्ही एका बाकावर. सहा महिने मिरजेला केमोला जायचं होतं, गाडी मीच चालवायचो. येताना हातकणंगल्यात उसाचा रस पाज म्हणून तो हट्ट धरायचा. डॉक्टरांनी बाहेरचं नको म्हटलेलं, तरी मी अर्धा ग्लास द्यायचो. तो गेला त्या दिवशी सगळी पळापळ मीच केली. डोळ्यांत टिपूस आलं नाही.

मागच्या महिन्यात मुलानं 'पॅडलटन' नावाचा इंग्रजी सिनेमा लावला आणि निम्म्यात उठून झोपायला गेला. मी बसून राहिलो. संपल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. मुलाला ऐकू गेलं. त्यानंतर आणखी दोनदा बघितला, दोन्ही वेळा तेच. बायको म्हणते, 'सख्खा भाऊ गेला तेव्हा एवढं रडला नाहीत.'

रंकाळ्यावर आमचा पाच जणांचा कट्टा होता. आता चौघं जमतो, पण त्याचं नाव कोण काढत नाही. त्यांना हा सिनेमा दाखवावा का? त्याच्या घरी तेराव्यानंतर गेलो नाही. वहिनींसमोर काय बोलायचं कळत नाही. त्याची गाडी दारात धूळ खात उभी आहे, ती दिसू नये म्हणून मी गल्ली बदलून जातो.

अजून एक. दवाखान्यात तो मला म्हणाला, 'बास झालं लेका आता.' मी म्हणालो, 'रविवारी मॅच आहे, बरा हो, जाऊया.' चार दिवसांनी तो गेला. मी दुकानात होतो. माझं काय चुकलं? एका सिनेमानं गडीमाणूस असा रडतो का?"

भाऊ,

तुमच्या बायकोच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण गोम तिथंच आहे. सख्खा भाऊ गेला तेव्हा तुम्हाला सुतक होतं. दहा दिवस दुकान बंद ठेवलं असेल, त्याबद्दल कुणी विचारलंही नसेल. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली असेल. पाव्हणे टॉवेल-टोपी घेऊन आले असतील, 'असं कसं झालं ओ' म्हणत शेजारी टेकले असतील आणि तीच कहाणी तुम्ही प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितली असेल. त्या वेळी त्याचा वैताग येतो. पण दहाव्या माणसाला सांगून होईपर्यंत निम्मं ओझं उतरलेलं असतं. आपल्या जुन्या माणसांनी शोकाची ही सोय करून ठेवली आहे आणि ती चांगली आहे.

मित्राला यातलं काहीच मिळत नाही. खांदा दिला, पंचगंगेवर शेणी रचायला हात लावला, रक्षाविसर्जनाला सकाळी हजर राहिला, आणि साडेदहाला दुकानाचं शटर वर. पेपरातली बातमी बघा : 'त्यांच्या पश्चात आई, पत्नी, मुलगा, मुलगी असा परिवार आहे.' चौथीपासून एका बाकावर बसलेला माणूस त्या ओळीत कुठं बसवायचा? चौकातल्या डिजिटल फलकावर 'शोकाकुल मित्रपरिवार' लागतो खरा, पण त्यावर गेलेल्या माणसापेक्षा आलेल्या कार्यकर्त्यांचे फोटो मोठे असतात. ते असो.

म्हणजे आठ महिन्यांत तुमच्या दारात कुणी टेकायला आलं नाही. ही कहाणी तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही कुणाला सांगितली नाही. माझ्या अंदाजानं पहिल्यांदा सांगितली ती या पत्रात. अशा माणसाला सिनेमा बघून रडू आलं, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आणि सिनेमाही तुम्हाला नेमका तोच सापडला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट न सांगता. हा २०१९ चा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स लेहमन. मार्क ड्युप्लास आणि रे रोमानो हे दोन नट. सनडान्स महोत्सवात दाखवला, लगेच नेटफ्लिक्सवर गेला आणि तिथल्या ढिगात दिसेनासा झाला. गाणी नाहीत, मारामारी नाही, प्रेमाची भानगड नाही. एका इमारतीत खालच्या मजल्यावर मायकल राहतो, वरच्या मजल्यावर अँडी. दोघंही एकटे, वय उतरणीला लागलेलं. संध्याकाळी पिझ्झा करायचा, एकच कुंग-फूचा सिनेमा परत परत बघायचा आणि स्वतःच शोधलेला एक खेळ खेळायचा, एवढाच त्यांचा संसार. बंद पडलेल्या ड्राइव्ह-इन थिएटरच्या पडद्यामागच्या भिंतीवर रॅकेटनं चेंडू मारायचा आणि तो उलटून येताना पिंपात पडला पाहिजे, असा हा खेळ. सिनेमाचं नाव त्यावरूनच आहे. मग मायकलला पोटाचा कॅन्सर निघतो. तो बरा होणार नाही, हे पहिल्या काही मिनिटांतच कळतं. फार हाल व्हायच्या आत आपल्या हातानं शेवट करायचा, असं तो ठरवतो. तिथला कायदा डॉक्टरच्या चिठ्ठीनं तशी परवानगी देतो. ते औषध आणायला दोघं मिळून सहा तासांच्या प्रवासाला निघतात.

या प्रवासात अँडी काय करतो ते आठवा. पोरांच्या खेळण्यातली असावी तसली एक तिजोरी विकत घेतो, औषध तिच्यात कोंबतो आणि नंबर सांगत नाही. वरवर बघितलं तर हास्यास्पद प्रकार, आणि बघताना हसू येतंही. पण जे त्याला तोंडानं म्हणता येत नाही ते त्यानं त्या तिजोरीत घातलेलं असतं : जाऊ नको.

आता तुमचं 'रविवारी मॅच आहे, बरा हो' हे वाक्य त्या तिजोरीशेजारी ठेवून बघा. तुम्ही त्या दिवशी विषय बदलला असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. 'बास झालं लेका' या त्याच्या तीन शब्दांना तुम्ही 'मला तू अजून पाहिजेस' असंच उत्तर दिलंत, फक्त पेठेच्या भाषेत दिलंत. चाळीस वर्षांच्या दोस्ताला ती भाषा कळली नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्याच्या जागी तुम्ही कॉटवर असता आणि तो उशाशी बसून एकदम गंभीर चेहऱ्यानं 'तू माझ्यासाठी फार महत्त्वाचा होतास' असलं काही बोलला असता, तर तुम्हीच घाबरला असता.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हा सिनेमा तीनदा बघून ती डोक्यात घुसली असण्याची शक्यता आहे. अँडीनं मायकलला जी मदत केली, ती आपल्याकडे कायद्यानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं 'मला कृत्रिम उपचारांवर ताटकळत ठेवू नका' असं आधी लिहून ठेवायची मुभा दिली, २०२३ साली त्याची पद्धत जरा सोपी केली. पण जीव जावा म्हणून औषध देणं हा आजही गुन्हा आहे. तेव्हा 'मी त्याला सोडवलं नाही' असा दोष तुम्ही घेऊच शकत नाही. आणि शेवटच्या घटकेला दुकानात असण्याचं म्हणाल, तर सहा महिने गाडी कोण चालवत होतं?

त्या गाडीबद्दल आणखी थोडं. बायका एकमेकींसमोर बसून बोलतात. पुरुषांचं बरंचसं शेजारी बसून होतं, दोघांची नजर तिसरीकडेच. मॅच बघताना, बाइकवर डबलसीट जाताना, रंकाळ्याच्या कठड्यावर पाय सोडून बसल्यावर. (अपवाद असतात, मला माहीत आहेत, पत्रं पाठवू नका.) मिरजेच्या रस्त्यावर तुम्ही दोघं पुढच्या काचेतून रस्ता बघत होता आणि त्या काळात तुम्ही कॅन्सरबद्दल बोललाही नसाल. तरी तो अर्धा ग्लास रस त्याला फक्त तुमच्याकडंच मागता येत होता. बायकोकडं मागितला असता तर तिनं डॉक्टरचं नाव सांगितलं असतं. डॉक्टरचंच बरोबर होतं, हेही सांगून ठेवते. केमोत उघड्यावरच्या रसानं जंतुसंसर्ग व्हायची भीती असते, बाकीच्या वाचकांनी याचं अनुकरण करू नये. पण तुम्ही तो रस मनाला लावून घेऊ नका.

जे शेजारी बसून जुळलं, त्याचा शोकही शेजारी बसूनच करावा लागेल. म्हणून कट्ट्यावरच्या तिघांना गोल करून बसवून 'आता मन मोकळं करूया' म्हणू नका. एकाला अचानक फोन येईल, दुसरा चहा सांगायला उठेल. त्यांनाही सुतक मिळालेलं नाही. तो विषय टाळतात तो आठवण नाही म्हणून नव्हे; पहिल्यांदा नाव कुणी काढायचं, हे ठरत नाही म्हणून. तुम्हीच काढा, आणि सहज काढा. 'तो असता तर या पंचाला शिव्या घालून घालून घसा बसवला असता' एवढं पुरे. पुढचं आपोआप होतं.

माझं ऐकाल तर सिनेमाच्या आधी मॅच. तुम्ही त्याला रविवार कबूल केला होता. हंगामात तुमच्या पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी चौघंही शाहू स्टेडियमवर जा. त्याच्या पोराला यायचं असेल तर त्यालाही घ्या, ओढून नेऊ नका. त्याची जागा रिकामी ठेवायच्या भानगडीत पडू नका. ते सिनेमात शोभतं. कोल्हापूरच्या फुटबॉलला ती जागा मिनिटभरही टिकणार नाही, एखादा आजोबा 'सरका की जरा' म्हणून बसेल. बसू दे.

मग सिनेमा. जरूर दाखवा, पण ग्रुपवर लिंक टाकू नका. दोन अंगठे येतील, एक हात जोडलेला येईल आणि बघणार कुणीच नाही. कुणाच्या तरी घरी एकत्र बसून बघा. आणि आधी सांगा की यात कॅन्सर आहे आणि एक माणूस स्वतःच्या मर्जीनं मरायचं ठरवतो. चौघांपैकी कुणाच्या घरात आत्ता कुणी अंथरुणावर असेल, किंवा कुणी स्वतःच मनानं खचलेला असेल, तर त्याला हा सिनेमा आत्ता नको. संपल्यावर 'कसा वाटला' विचारू नका. दिवा लावा आणि जेवायला बसा. तांबड्या-पांढऱ्यावर माणसं जेवढं बोलतात तेवढं कुठल्याही चर्चेत बोलत नाहीत.

आता वहिनी. काय बोलायचं सुचत नाही म्हणून तुम्ही गेला नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं ते कसं दिसतंय याचा विचार करा : सहा महिने रोज घरात येणारा माणूस तेराव्यानंतर गायब. पहिल्या खेपेला बायकोला बरोबर घेऊन जा. पेठेतल्या तोंडांची भीती म्हणून हे सांगत नाही (ती आहेच). तुमच्या बायकोला हा शोक आतून दिसला पाहिजे म्हणून सांगते. तिचा टोमणा अर्धा न कळण्यातून आलाय. उरलेला अर्धा कदाचित हेवा असेल, आणि त्यात वावगं काही नाही.

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य उंबऱ्याबाहेर ठेवून जा. असं सांगितल्यावर आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. त्याऐवजी दारातली ती गाडी घ्या. म्हणजे तिचं काम अंगावर घ्या. स्पेअर पार्टवाल्यानं गाडी बघून गल्ली बदलायची, हे काही मला पटलं नाही. आठ महिने उभी गाडी म्हणजे बॅटरी बसलेली असेल, टायर खाली आले असतील, टाकीतलं पेट्रोल जुनं झालं असेल, हे मी तुम्हाला काय सांगणार. पण कागदाचं सांगते. मालक वारला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. विमाही जुन्या नावावर जास्तीत जास्त तीन महिने, किंवा त्याआधी मुदत संपली तर तोवरच चालतो. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. त्यामुळे कागद होईपर्यंत ती गाडी पोरानं कॉलेजला नेता कामा नये. उद्या काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, वारसाचे कागद गोळा करा, वहिनींबरोबर कार्यालयात जा, दंड पडेल तो भरा. नावावर झाल्यावर विकायची की ठेवायची, ते त्यांनी ठरवायचं. तुम्हाला ती घ्यावीशी वाटत असेल तर निदान वर्षभर तोंडातून काढू नका.

आणि वहिनींना तो अर्ध्या ग्लासाचा किस्सा सांगा. चिडतील, नक्की चिडतील. पण नवऱ्याची त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट आता फक्त तुमच्याकडं आहे, आणि नवीन गोष्टी तर आता घडणार नाहीत. त्यांच्याकडंही तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी असेल. तिथं तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, नळ शोधू नका.

मंगळवार पेठेत राहता म्हणजे खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ तुमच्या येण्या-जाण्यातला. कोल्हापुरात मूकपट काढणाऱ्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. सगळे बाबूराव पेंटरांचं नाव घेतात, घ्यायलाच पाहिजे. पण कॅमेऱ्याचा ध्यास दोघांचा होता : बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव. नाटकांचे पडदे दोघांनी मिळून रंगवले, सिनेमाचं वेड दोघांना बरोबरच लागलं. १९१६ साली आनंदराव वारले. कॅमेरा अजून व्हायचा होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेतलं, १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात कॅमेरा उभा राहिला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. मला यातले दामले महत्त्वाचे वाटतात. गेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम बाबूराव एकटे ओढत बसले नाहीत, दुसऱ्या माणसाला त्यात घेतलं. तुमच्याकडं तर तीन माणसं कट्ट्यावर बसलेली आहेत. गाडीचं काम एकट्यानं करू नका. एकाची आरटीओत ओळख असेल, एकाला वहिनींशी नीट बोलता येत असेल. वाटून घ्या.

डॉक्टरकडं जायची गरज आहे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. आठ महिन्यांनी रडू येणं हा आजार नाही. मात्र झोप उडाली असेल, दुकानात लक्ष लागत नसेल, संध्याकाळची दारू वाढली असेल, सहा महिने उलटूनही रोजचं आयुष्य तिथंच अडकलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. आपणही जावं, असा विचार एकदा जरी आला असेल तर आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि तो सिनेमा आता चौथ्यांदा एकट्यानं बघू नका.

राहता राहिला मुलगा. बाप नळ सोडून रडतो हे त्याला कळलंय, आणि त्याला कळलंय हे तुम्हालाही माहीत आहे. दोघंही गप्प आहात, म्हणजे घरातसुद्धा कट्टाच चाललाय. त्याला दुकानात बोलवा, काहीतरी माल लावायला घ्या, आणि हात चालू असताना सांगा, 'काकाची आठवण आली होती त्या दिवशी.' तो 'हं' म्हणेल. त्याच्या वयाला 'हं' भरपूर झालं. कट्ट्यावरच्या मंडळींना सिनेमा दाखवाल तेव्हा त्यालाही बसवा. त्यातलं इंग्रजी पुटपुटल्यासारखं आहे, चौघांना मधेमधे सांगायला कुणीतरी लागेलच. फक्त या वेळी निम्म्यात उठून जायचं नाही, असं आधीच बजावा.